उघडल्यावर गेट जाणार कुठं?

बसा की ताई, आदी पानी घ्या. तुमी आलाय गेट बगायला, तुमच्या गोडाऊनला असंच सरकतं बसवायचं म्हन्ताय, तर गेट दावते, हातानं ढकलूनबी बगा, पन ह्या गेटाचं सांगायचं म्हंजी माजंच सगळं सांगावं लागतंय, त्याला माजा इलाज न्हाय. मी मैंदर्गीची. नाव महादेवी. घरात आमी कन्नड बोलायचो, शाळंत मराठी, बाजारात जो समोर येईल त्याचं. वडलांची ज्वारी हुती, आनि आईनं मला लई लहानपनी परातीपुढं बसवलं, भाकरीची कड फाटली की हातावर चापट. तवा राग यायचा, आता त्या माऊलीला रोज नमस्कार करते, कारन त्या चापटीवर माजं घर चाललंय.

लगीन होऊन हितं सोलापुरात आले, ह्याच जागंत. दोन भाऊ, एकच मोठं अंगन, दोन बाजूला दोन घरं, मदी एक हौद. माजं मालक धाकटं, यंत्रमागावर कामाला. थोरले दीर, त्यास्नी आमी भावजी म्हन्तो, आनि त्यांची बायको नागम्मा, माजी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हन्ते. अक्का पल्याडची, कर्नाटकातली, मराठी तिला आजबी धड येत न्हाय, पन मला शहर दावलं तिनंच. नळाला पानी कुटल्या दिवशी येतंय, भाजी कुटं चांगली, रिक्षावाला जास्तीचं मागाय लागला की त्याच्याकडं कसं बगायचं, सगळं तिनं शिकवलं. दोगी दुपारी हौदावर बसून कन्नडमदी गप्पा मारायचो आनि सासूच्या नकला करायचो. सासूला कन्नड येत हुतं की, तिला सगळं कळायचं, पन तीबी हसायची.

मग मालकाचं काम कमी झालं, माग एकेक बंद पडाय लागलं, तर मी कडक भाकरीचा धंदा सुरू केला. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, आनि मग मंद जाळावर वाळवून कडक करायची, पापडावानी वाजली पायजे. आदी मी एकटी, मग दोन बायका, मग नऊ बायका. नऊ बायका म्हंजी सहा चुली, आनि सहा चुली म्हंजी धूर. काय सांगू तुमाला, वारं कुटनंबी येऊ दे, धूर जायचा तो अक्काच्याच घरात. ती आली आनि म्हनाली, महादेवी, तुजा धूर आवर, ह्यांना दम लागतोय. आनि मी काय म्हनाले आयकायचंय? मी म्हनाले, दम लागतोय का माजं चाललेलं बगवत न्हाय. असं म्हनाले मी, नऊ बायकांच्या देखत, आनि अक्का तशीच माघारी गेली. आठ दिसांत अंगनाच्या मदोमद भित उभी राहिली, माझ्या डोक्याच्या वर. भित भावजींनी बांधली, पन बांधाय लावली मी, हे मी आज कुनालाबी सांगते.

भितीनं एकाच गेटाची दोन झाली. हौद माझ्याकडं राहिला, तिनं टाकी घेतली. पुढं माजे मालक गेले, तवा अक्का आली, तेरा दिवस माज्या घरात राबली, सगळ्यांस्नी वाढलं, पन माझ्याशी बोलली न्हाय, आनि मीबी न्हाय. चौदाव्या दिवशी ती भितीपल्याड गेली ती गेलीच. पोरगा माजा पुन्याला नोकरीला, तो मराठीच बोलतो. मला लई दिसांनी एकदा कळलं की आपन कन्नडमदी बोलून किती वर्सं झाली. घरात कोनच न्हाय की बोलायला. देवाशी बोलायची तेवडंच.

हां, गेट. तुमी म्हनाल ही बाई गेटावर कदी येनार. तर माजं जुनं गेट दोन पल्ल्यांचं, आत उघडायचं. भाईर उघडावं तर भाईर गटार आनि लगेच रस्ता. आत उघडलं की अर्दं अंगन खायचं, आनि त्याच अंगनात बायका बसायच्या. टेंपो आत आला की परात उचला, पोळपाट उचला, सगळ्या उठा. आनि मागल्या उनाळ्यात दुपारी एकदम वारं सुटलं, पल्ल्याचा आकडा निघाला, आनि पल्ला येऊन आमच्यातल्या शांताबाईच्या कपाळावर बसला. टाके पडले की. डॉक्टरकडनं येताना रिक्षात तीच मला म्हन्ते, मावशी रडू नका, भाकरीवर रक्त पडलं न्हाय. त्या दिवशी मी ठरवलं, सरकतं गेट. पल्लाच नको, वाऱ्याला धरायला काईच नको.

पोराला फोन केला तर म्हनाला, आई मोटर बसव, रिमोट घे, घरात बसून बटन दाब. मी म्हनलं, बाळा, हितं लाईट गेली की गेट बंद, आनि भाकऱ्या आत, टेंपो भाईर. मला हातानं ढकलायचं दे. तुमालाबी तेच सांगते, ताई, मोटर मागनं बसवता येती, आदी गेट बोटानं सरकलं पायजे. चाक चांगलं घ्या, बेरिंगचं.

वेल्डिंगवाले रशीदभाई आले. भला मानूस. दार मोजलं, बारा फूट. मग टेप गुंडाळून खिशात घातली, इकडं बगितलं, तिकडं बगितलं, आनि मला म्हनाले, मौसी, गेट खुलेगा तो जाएगा किधर? मला कळंचना. मी म्हनलं, कुटं म्हंजी, बाजूला. ते म्हनाले, बाजूला कुटं ते सांगा, बारा फूट गेटाला उगडल्यावर उभं राहायला बारा फूट भित लागती. डावीकडं हौद. उजवीकडं सात फूट, आनि मग ती मदली भित. पाच फूट गेट कुटं ठेवायचं? काय सांगू, इतकी वर्सं जगले, हजार दारं उगडली, पन उगडलेलं दार कुटं जातं हे माज्या डोक्यात आलं नव्हतं. मी फकस्त दार मोजून ठेवलं हुतं.

मी म्हनलं, दोन तुकड्यांचं करा, एकात एक जानारं. ते म्हनाले, करतो की, पन दोन रूळ लागतील, डबल चाकं, आनि तुमच्या हितं दिवसभर पीठ उडतंय, पानी सांडतंय, पीठ रुळात बसलं की घट्ट होतंय, रोज भांडाल गेटाशी. मग भितीकडं बोट केलं आनि म्हनाले, ह्या भितीत चार बोटं रुंद फट पाडायची, उबी, गेटाच्या जाडीपरास जरा जास्त. गेट फटीतनं पाच फूट पल्याड जाईल आनि परत येईल, कुनाला तरास न्हाय. पल्याड कोन राहतंय? मी म्हनलं, जाऊ. त्यांनी माज्या तोंडाकडं बगितलं आनि टेप परत काडलीच न्हाय. म्हनाले, तुमी इचारून घ्या, तवर मी लोखंड कापनार न्हाय. दुसरा कोन असता तर दोन रुळांचं करून गेला असता.

पंदरा दिवस मी इचार केला. पंदरा दिवस पल्ल्याला दोरीनं बांधून ठेवलं, आनि बायका त्या पल्ल्याकडं पाठ करून बसंनात. शांताबाईच्या कपाळावरची पट्टी रोज माज्या समोर. माज्या अकडीपायी ह्यांच्यातली दुसरी कोन रक्तानं न्हाली तर? मग एका सकाळी पदर खोचला आनि निघाले. हातात काई घेतलं न्हाय. भाकरी न्यायची तर तिला तरास देनाऱ्या धुराचीच, ती कशाला नेऊ.

दार अक्कानं उगडलं. केस पांढरे झालेले. मी तर भितीपल्याडनं नुसता तिचा आवाज आयकायची, केस कुटं दिसनार. आत भावजी खुर्चीत बसलेले, तोंडाला ते वाफेचं मशीन लावलेलं, छाती वरखाली हुत हुती. त्यांनी हात केला, बस म्हनून. ताई, तवा मला माजं ते बोलनं आटवलं, दम लागतोय का बगवत न्हाय, आनि वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मी उभीच राहिले. म्हनलं, अक्का, गेटाचं इचारायला आले. आनि सगळं सांगितलं, बारा फूट, सात फूट, पाच फूट, फट. तिनं आयकून घेतलं. मग म्हनाली, ऊटा आय्ता? म्हंजी जेवलीस का. इतक्या वर्सांनी माज्याशी कोन कन्नड बोललं ते हे. मी म्हनलं न्हाय, आनि रडाय लागले, आनि तिनं ताट वाडलं.

जेवताना भावजींनी मशीन काडलं आनि इचारलं, पाच फूट म्हंजी तुळशीपतुर येतंय का? मी म्हनलं, अलीकडंच थांबतंय. मग येऊ दे की, म्हनाले. आनि अक्का भात वाडता वाडता खाली बगून म्हनाली, गेट येऊ दे. धूर येऊ देऊ नकोस. एवडंच. त्याच महिन्यात मी चुली काडल्या आनि गॅसच्या भट्ट्या बसवल्या. हे मी तवाच करायला पायजे हुतं, जवा ती पयल्यांदा सांगायला आल्ती. तिनं कदी तसं बोलून दावलं न्हाय, पन मी बोलते.

मग रशीदभाईंनी भितीत फट पाडली. खाली रूळ टाकला, वर गेट पडू नये म्हनून आधाराची चाकं, आनि शेवटाला लोखंडी अडन्या, गेट रूळ सोडून भाईर जाऊ नये म्हनून. ती अडनी इसरू नका तुमी, ताई, ती नसली तर गेट कुनाच्या तरी अंगावर येतंय. खाली पत्रा, वर गज, म्हंजी वारं आरपार. आनि रंगाच्या येळंला अक्का आली आनि म्हनाली, माज्या अंगनात पाच फूट येनार, तर रंग माज्या मर्जीचा. आंब्याचा रंग पायजे म्हनाली. बगा की, कसं दिसतंय. बायका म्हन्तात, लांबून रसवंतीगृह वाटतंय. मला आवडत न्हाय. पन तिचंबी गेट हाय ते, म्हनून एक किल्लीबी तिच्याकडं दिली.

आनि ती काय करती म्हाईत हाय का? गेट तिच्याकडं आलं की त्याच्यावर पातळ वाळत घालती. मग टेंपो गेला तरी मला गेट लावता येत न्हाय. मी फटीला तोंड लावून वरडते, अक्का, पातळ काड. ती म्हन्ती, वलं हाय. असं रोजचं चाललेलं. त्याच फटीतनं तिचं सार येतंय, माजी शेंगाची चटनी जाती. वाटी आडवी जात न्हाय, उबट लोटा लागतो. रशीदभाईंनी जरा आनि मोटी पाडायला पायजे हुती.

आता शेवटचं सांगते, मग च्या ठेवते. मला साखर हाय, गोळ्या चालू हायेत. गेली अमावस्या, बायकांस्नी सुट्टी, घरात मी एकटी. पन सुट्टी असू दे नसू दे, मी उजाडलं की गेट सरकवते, सडा घालते, दूधवाला येतो. त्या दिवशी उठले, भट्टीजवळ आले आनि डोळ्यापुढं अंधार झाला, घाम सुटला, खाली बसले ती आडवीच झाले. तोंडातनं आवाज निघंना. कोन येनार हुतं? कोनच येनार नव्हतं.

अक्का पल्याड तुळशीला पानी घालीत हुती. तिचं पानी घालून व्हायच्या आत माजं गेट फटीतनं येतंय रोज. त्या दिवशी पानी सपलं, तांब्या रिकामा झाला, गेट आलं न्हाय. तिनं फटीतनं हाक मारली. मला आयकू आली, पन बोलता येईना. मग ती बाई, दोनी गुडगे गेलेली, रस्त्यानं फिरून आली, किल्लीनं कुलूप काडलं, गेट ढकललं आनि माजं डोकं मांडीवर घेऊन तोंडात गूळ कोंबला. दाताला दात बसलेले, तर बोट घालून. मग रिक्षा, दवाखाना. डॉक्टर म्हनाले, साखर पार उतरली हुती, येळेवर आनलं. शिव्याबी तिनं वाटंतच घातल्या, कन्नडमदी, रिक्षावाल्याला सगळ्या कळल्या.

देवानं माझ्यावर लई उपकार केले, ताई. मी काय मोटं पुन्य केलं नव्हतं, उलट वाकडंच बोलून ठेवलं हुतं. तरी मला ती जाऊ मिळाली, आनि इचारून मगच लोखंड कापनारा मानूस मिळाला. त्यांच्या पोराबाळांचं चांगलं हू दे. तुमचंबी गेट चांगलं हू दे. पन दार मोजायच्या आदी तेवडं बगून घ्या, उगडल्यावर ते कुटं जानार, आनि पल्याड कोन राहतंय.

आता उजाडलं की मी कुलूप काडते आनि बोटानं ढकलते. गेट सरकत सरकत फटीतनं पल्याड जातंय, आनि तिकडनं तुळशीपाशी उबी राहून अक्का म्हन्ती, बंतु. कन्नडमदी, म्हंजी आलं. रोज म्हन्ती. मी हिकडनं म्हन्ते, व्हय अक्का, आजबी आलं.