पार्वताबाईंची लोकर कचरा नव्हती

जमलेल्या मंडळींनो, आणि समोर बसलेले सखारामभाऊ,

मला अशा श्रद्धांजलीच्या सभेत बोलायची सवय नाही. चिठ्ठीवर चार ओळी लिहून आणल्या होत्या. पण माझ्या आधी बोलणाऱ्यांनी पार्वताबाईंच्या कातण्याला 'म्हातारपणचा विरंगुळा' म्हटलं, आणि मी चिठ्ठी पर्समध्ये परत ठेवली. माझा आवाज चढला तर चढू द्या.

विरंगुळा? तुमच्यापैकी किती जणांनी बाईंना कातताना बघितलं? हात वर करा. बघा. भाऊ सखाराम आणि मुलगा नामदेव सोडले तर कोणी नाही.

मी प्रमिला, बाईंच्या शेजारच्या फ्लॅटमधली. शाळेत लिपिक आहे. बाई कुहीकडच्या गावातून इथे शहरात, वाडीला मुलाकडे, नामदेवकडे राहायला आल्या. माहेर-सासर दोन्ही मेंढ्या राखणारी. हे सखारामभाऊ त्यांचे धाकटे भाऊ. मेंढ्या कातरल्या की भाऊ लोकर आणून द्यायचे. बाई ती धुवायच्या, वाळवायच्या, काटेकुटे वेचायच्या, बोटांनी पिंजायच्या आणि टकळीवर सूत काढायच्या. चार दिवस पिंजावं तेव्हा एक दिवस कातायला मिळतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

मागच्या वर्षी भाऊंचे गुडघे गेले. कळप विकावा लागला. शेवटच्या कातरणीची दोन पोती त्यांनी बहिणीकडे आणून ठेवली. बाईंनी ठरवलं, याची भावाला घोंगडी करायची. म्हणायच्या, "जनमभर मेंढरं राखली त्यानं. त्याच्याच मेंढरायची घोंगडी त्याले पाहिजे."

लोकर गच्चीवर वाळत पडली. ओल्या लोकरीला वास येतो. येतोच. आपल्याला तो सहन झाला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज झाला. त्या अर्जावर कोणाकोणाच्या सह्या होत्या? पहिल्या मजल्याच्या होत्या. दुसऱ्या मजल्याच्या होत्या. आणि माझी होती. हो, माझी. बाईंचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर. ती चार पावलं मी टाकली नाहीत, सही मात्र केली.

बाईंना कोणी विचारलं? कोणी सांगितलं, की गच्ची रिकामी करा? नाही. नामदेव त्यांना डोळे तपासायला घेऊन गेला, तेवढ्यात सोसायटीने लोकर परत पोत्यांत भरली आणि दोन्ही पोती कचरागाडीत गेली. गच्चीवर फिनाईल मारलं.

बाई परत आल्या, गच्चीवर गेल्या आणि खाली येऊन जिन्यात उभ्या राहिल्या. "माही लोकर कोणं नेली?"

सेक्रेटरी साहेब, तुम्ही म्हणालात, "बाई, कचरा होता तो. वास येऊन राहिला होता."

बाई म्हणाल्या, "कचरा? धुतलेली होती गा ते. मले इचारलं काहून नाही?"

तुम्ही जिना उतरून गेलात. मी दाराच्या फटीतून ऐकत होते. मी दार लावून घेतलं.

त्याच दुपारी नामदेव त्यांना गाडीवर बसवून कचरा टाकतात तिथे घेऊन गेला. एक पोतं सापडलंच नाही. दुसरं फाटलेलं, वर ओला कचरा सांडलेला. ते त्यांनी घरी आणलं. सहा दिवस, मंडळी, सहा दिवस त्या बाथरूममध्ये बसून ती लोकर धूत होत्या. भिंतीपलीकडून मला पाण्याचा आवाज यायचा. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. मी दार वाजवलं. माफी कशी मागावी, याची वाक्यं जुळवून गेले होते. बाईंच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, त्या अर्जावर माझी पण सही होती."

त्यांनी लोकरीचा एक पुंजका माझ्यापुढे टाकला. "बस वं. काड्या येच." मी वेचायला बसले.

माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. का म्हणाव्यात?

मी रोज शाळेतून आल्यावर बसायला लागले. माझं सूत दर वितीला तुटायचं. त्या म्हणायच्या, "ओढू नोको. थे येते, येऊ दे." तीन महिने लागले. विणकराने घोंगडी विणून दिली. एकाच पोत्याची, म्हणून आखूड झाली. सखारामभाऊंनी पांघरली तर पाय उघडे राहिले. भाऊ म्हणाले, "बाई, पुरते मले." आणि बाई पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, "नाही पुरत. पुरली असती."

पुरली असती, मंडळी. दोन पोती होती.

महिन्याभरापूर्वी त्यांना ताप आला, छातीत भरलं आणि त्या गेल्या. आता त्यांच्यावर भाषणं होतात. 'आपल्या सोसायटीचा अभिमान.' आणि माझ्या मागे हा एवढा मोठा फ्लेक्स. त्यात बाई चरख्यासमोर बसल्या आहेत. तो चरखा बाईंचा नाही. महिला दिनाला फोटोसाठी भाड्याने आणलेला. कापसाचा. बाई सांगत होत्या, "हा मले चालवता येत नाही." फोटोवाला म्हणाला, "आजी, फक्त हात ठेवा." त्यांनी ठेवला. चेहरा बघा त्यांचा. ह्या चेहऱ्याला तुम्ही फ्लेक्सवर 'हसतमुख' म्हणता?

ज्यांची लोकर आपण फेकली, त्यांच्या हाती खोटा चरखा देऊन आपण त्यांना हार घालतो आहोत. हे मला चालणार नाही. सखारामभाऊ काही बोलणार नाहीत, म्हणून मी बोलते.

सेक्रेटरी साहेब, एक खुर्ची घ्या आणि तो फ्लेक्स तुमच्या हाताने उतरवा. मी खुर्ची धरते, सही माझीही होती. तो खाली आला की आपण सगळे उभे राहू, आणि सखारामभाऊ 'बसा' म्हणेपर्यंत कोणी बसणार नाही.