राघूचा वाकलेला पंख

या मंडळी, या! पुढं सरकून बसा. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. आज देवाच्या दारात एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखादी वस्तू आपण ओळखली, असं म्हणायचं कधी? तिचं नाव सांगता आलं की? कुठं घडली, कुणी घडवली, हे सांगितलं की? काय काका, खांबाला टेकून मान हलवताय – पटलं म्हणून, की डुलकी लागली म्हणून?

देवाला ओळखायचं म्हणून आपण इथं जमलो. अहो, देव राहू द्या! साधा खिशातला चाकू ओळखता येतो का, ते आधी बघू!

हसू नका, आख्यान चाकूचंच आहे. मिरजेत आप्पा मगदूम म्हणून एक घड्याळजी. वय साठीच्या पुढं, डोळ्यात भिंग, बोलणं तोलून मापून. आणि या आप्पांना एक नाद! कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला तमाशाचा – आप्पांना जुन्या घडीच्या चाकूंचा. तेही साधे नाहीत हं. ज्यांची मूठच मुळी मूर्ती असते, असे! पितळी मासा – त्याच्या पोटातून पातं निघतं. बूट – टाचेतून पातं. मगर, कोंबडा, नाचणारी बाई, टोपीवाला साहेब. एक तर चक्क दारूची बाटली! आप्पा स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण ती बाटली काचेच्या कपाटात मधोमध!

बायको म्हणायची, "अहो, एवढे चाकू घरात, आणि भाजी चिरायला मी शेजारणीची सुरी मागून आणते!" पण आप्पा एकाही चाकूनं लिंबू कापू द्यायचे नाहीत. खंडेनवमीला तेवढं कपाट उघडायचं, प्रत्येकावर झेंडूची पाकळी ठेवायची आणि पुन्हा कुलूप.

आणि पारख? काय सांगू महाराजा! लोक नकली माल आणायचे. नवं पितळ, वर बूटपॉलिश चोळून जुनं केलेलं. आप्पा कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवायचे, एकदा फिरवायचे – पॉलिश बोळ्यावर! "खरा मळ असा लगेच सोडून जात नाही," म्हणायचे. पातं उघडायला नखाची खाच असते ना, तिथं बघायचे. खरोखर वापरलेल्या चाकूची खाच गुळगुळीत होते. पातं कुठं झिजलंय त्यावरून सांगायचे – हा पान खाणाऱ्याचा, हा बोरूला टोक करणाऱ्या गुरुजींचा, हा खाटकाचा. आणि बरोबर निघायचं!

फक्त एक रुखरुख. पाखरांमध्ये त्यांच्याकडं मोर होता, कोंबडा होता, पण राघू नव्हता. विलायती राघू! पितळी अंग, आणि पंखाच्या जागी शिंगाची पट्टी. उभ्या हयातीत एकदाच, तोही एका जुन्या चित्रात पाहिलेला. त्या राघूसाठी आप्पा झुरत होते. आपण देवासाठी एवढं झुरलो असतो तर? जाऊ द्या, नको तो विषय!

एके दिवशी दुकानात घड्याळ टाकायला आलेला एक जण म्हणाला, "आप्पा, वाळकेवाडीच्या बायजाक्काकडं तसला राघू आहे." आप्पांच्या हातातला चिमटा खाली पडला!

आता गंमत बघा. वाळकेवाडी म्हणजे आप्पांचंच जन्मगाव. पण आई लहानपणीच गेली, मामानं मिरजेला नेलं, पुन्हा त्या गावचं तोंड बघितलं नाही. आप्पा एसटीनं निघाले. मनाशी ठरवलं – मी इथलाच, हे सांगायचं नाही. ओळख निघाली की भीड आली, भीड आली की सौदा फसला!

बायजाक्का अंगणात उन्हाला बसलेली. नव्वदीला टेकलेली, पण नजर शाबूत. आप्पांनी नमस्कार केला. "आक्का, मी मिरजेचा घड्याळजी. तुमच्याकडं राघूचा चाकू आहे म्हणे. द्याल का?"

म्हातारीनं कमरेची चंची सोडली. पानाबरोबर सुपारी काढावी तसा राघू काढून हातावर ठेवला!

मंडळी, आप्पांनी तो उचलून उन्हात धरला. तोच! तीच चोच, तीच शेपटी!

"सासऱ्यानं पलटणीतनं आणला हुता," आक्का म्हणाली. "सासूनं माज्या पदरात टाकला. पैसं नगंत मला. पर ज्यो ह्येला वळखंल, त्यालाच दीन. ह्यो चाकू काय कापत हुता, सांग. सांगितलंस, की तुजा."

आप्पा मनात म्हणाले – जिंकलो! हा तर आपल्या डाव्या हातचा मळ! भिंग डोळ्याला लावलं. पातं उघडलं. नखाची खाच गुळगुळीत, म्हणजे भरपूर वापरलेला. हुंगून बघितलं. चुन्याचा डाग नाही – पान खाणाऱ्याचा नव्हे. फळाच्या आंबटानं पडतो तो काळा डाग नाही. झीज फक्त टोकापाशी, म्हणजे कापायचं ते मऊ आणि थोडंसंच. आणि सांध्यात हे काय अडकलंय? चिमट्यानं ओढलं – पांढऱ्या सुताचा तंतू!

आप्पांचा चेहरा उजळला. "आक्का, हा फुलमाळ्याचा चाकू! देठ छाटायचे, हार गुंफला की दोरा तोडायचा!"

काय बुद्धी, नाही? टाळी द्यावीशी वाटते ना? थांबा!

आक्का बोळकं पसरून हसली. "दोरा बरुबर. हार न्हवं."

आप्पा गोरेमोरे झाले. आयुष्यात पहिल्यांदा चुकले. आणि माणूस चुकला की काय करतो? वस्तूला नावं ठेवतो! राघू उलटा करून म्हणाले, "नाहीतरी वाया गेलेलाच आहे हा. शिंगाचा पंख बघा, पिळवटून वर आलाय. खिळ्याभोवती गंज. कुणीतरी हा उकळत्या पाण्यात घातलाय – एकदा नव्हे, शंभरदा! शिंगाला ऊन पाणी लावू नये, एवढंही कळत नाही? कोण हा महाभाग? एकदा भेटला पाहिजे, हात जोडीन त्याला!"

आक्का आप्पांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मगाधरनं बघतीया. तुजी हनुवटी वळकीची वाटतीया. कुनाचा रं तू?"

आता काय लपवायचं? डाव तर गेलाच होता. "इथलाच आहे, आक्का. मळ्यातल्या बाळू मगदुमांचा. आई शेवंता."

"शेवंताचा?" म्हातारी भिंतीला धरून उठली. "शेवंताचा धाकला? पायाळू?"

पायाळू म्हणजे आधी पाय येऊन जन्मलेला. आप्पांनी मान हलवली.

"आरं लेकरा," आक्का म्हणाली, "म्या सुईन हाय ह्या गावची. सासू विळ्यानं नाळ कापायची. चांगली हसतीखेळती बाळं आठवड्यात धनुर्वातानं ताठ हून जायाची. माजं पयलं बी तसंच गेलं. मग दवाखान्यातली नर्सबाई म्हनली, बायजा, आधी हत्यार उकळ. तवापास्नं घराघरात चूल पेटवून पयलं ह्या राघूला उकळला. पंख वाकला, वाकू दे! त्यो वाकला तवापास्नं माज्या हातनं तसं एक बी लेकरू गेलं न्हाई."

आप्पांच्या हातात राघू तसाच.

"आनि तू! पायाकडनं आलास, नाळंचा येढा गळ्याला. निळा पडलेला. शेवंता वरडती, माजं लेकरू, माजं लेकरू! त्यो सुताचा दोरा बांधला आनि ह्याच राघूनं तुजी नाळ कापली. मग कुटं रडलास!"

पेटीवाले, सूर थांबवा जरा.

ज्या वाकलेल्या पंखाला आप्पांनी खोट मानलं, त्या वाकण्यामुळंच आप्पा जिवंत होते! साऱ्या जगाचे चाकू ओळखले, आणि ज्यानं आपल्याला मोकळा श्वास दिला, त्याला म्हणाले – वाया गेलेला! मंडळी, आप्पा खाली बसले आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. "हात जोडीन" म्हणाले होते ना? ते थट्टेनं म्हणाले होते, आता डोळ्यांतलं पाणी खळेना. राघू आक्काच्या मांडीवर ठेवला. "मी हरलो, आक्का. हा माझा नव्हे."

आक्कानं तो उचलून परत त्यांच्या मुठीत दिला, बोटं मिटवली. "हरलास म्हनून देतीया. जिकला आसतास तर काचंत ठेवला आसतास."

आप्पांनी तो काचेत ठेवला नाही. देवघरात ठेवला. बायकोनं विचारलं, "पंख सरळ करून घ्यायचा का हो कुणाकडून?" आप्पा म्हणाले, "त्याला हात लावू नकोस. तेवढाच तर खरा आहे." आणि त्या दिवशी कपाटाचं कुलूप काढून त्यांनी माशाच्या पोटातलं पातं उघडलं, बायकोच्या हातात दिलं. म्हणाले, "घे, भाजी चीर."

आता तुमची पाळी! काका, जागे आहात ना? आपण सगळे आप्पाच! माणूस समोर आला की भिंग लावतो. ही वाकलेली, तो खरखरीत, हिचा हात भाजलेला, त्याची पाठ गेलेली. खोट शोधण्यात आपला हात कोण धरणार? पण ती खोट कुणासाठी उकळून आली, हे विचारलंय कधी?

आज आरती झाली की प्रसाद घ्या, सरळ घरी जा. आई असेल तर तिच्याजवळ बसा. तिच्या मनगटावर एखादा जुना चट्टा असेल. रोज बघता तुम्ही तो. विचारा – आई, हा कशाचा गं?

आणि ती "काही नाही रे" म्हणाली, तर उठू नका. बसून राहा. तिथंच देवाची ओळख पटते.

बोला, वाकलेल्या पंखाखाली आपल्याला जपणाऱ्या त्या माउलीचा – जयजयकार!