पुरे का? हव!

मालवणले मासे धरायले गेलो होतो, ते सांगितलं का तुमाले? नाही? मग चहा येऊ द्या, ऐका.

आपण रायपूरचे, पाणी पाहिलं ते तलावाचं. तिथं खुला समुद्र अन् एवढीशी होडी. होडीवाले तात्या मागं बसलेले, मी पुढं गळ टाकून. किनारा जवळ होता तोवर मस्त वाटलं. मग लाटा आल्या अन् पोटात ढवळून राहिलं. माझं तोंड पाहून तात्यांनी विचारलं, "पाव्हणे, पुरे का आता?"

आपल्या तोंडून 'हो' कुठं निघते? म्हटलं, "हव."

तात्या खूश! इंजिन चालू केलं अन् होडी अजून आत घेतली. मले वाटलं, वळवून राहिले असतील. थोड्या वेळानं पुन्हा, "आता तरी पुरे का?"

"हव, हव!" मी ओरडलो.

"हौशी आहात हो," म्हणाले, अन् आणखी आत.

शेवटी मी आडवाच झालो. "तात्या, काहून जीव घेऊन राहिले? हव म्हणजे हो! पुरे!"

"अरे देवा! मी समजलो, तुम्हाला आणखी हवं!"

तेवढ्यात गळाले झटका बसला. पडल्या पडल्या ओढली, भैया, एवढी सुरमई!

दुपारी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, तीच तळून वाढली. तोवर पोट ठिकाणावर आलं होतं. दोन-चार तुकडे झाल्यावर काकूंनी विचारलं, "पुरे का?"

मी ताट पुढं सरकवलं अन् म्हटलं, "हव."