गुडघ्याची चौकशी

आमच्या ओहायोतल्या औषधांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे म्हातारी लोरेटा आणि तिची शेजारीण मर्ना उभ्या होत्या.

"निवृत्तीचे पैसे सोन्याच्या खात्यात टाकणार होतीस ना, लोरेटा? टीव्हीवरच्या त्या कंपनीत?"

"नाव काढू नकोस त्यांचं. महिनाभर त्यांचा एक माणूस रोज फोन करायचा. माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा, गुडघ्यासाठी फोनवर प्रार्थनासुद्धा म्हणायचा."

"मग बिनसलं कुठे?"

"काल त्याला रक्कम सांगितली. स्कूलबस चालवून जमवलेले अठरा हजार डॉलर. म्हणाला, पन्नास हजारांच्या खाली आम्ही खातंच उघडत नाही. आणि ठेवला की फोन मेल्याने. काल प्रार्थनाही नाही."

"दुसरी कंपनी बघ मग."

"बघितली. तिथली बाई छोटी खाती घेते. वर्षाची फी किती, तिजोरीचं भाडं किती, सोनं परत विकताना किती कापणार, सगळं तिने आधीच सांगून टाकलं. वर म्हणाली, सगळे पैसे सोन्यात घालू नका, थोडेच घाला."

"झालं तर. तिच्याकडेच उघड."

"तिच्याकडे? अगं, पाऊण तास बोलत होती ती बया, पण माझ्या गुडघ्याचं एका शब्दाने विचारलं नाही."