वेताळावरचे रंग

मंडळी, एक विचारतो. दुसऱ्याचं भलं करायला निघालात, तर त्याला आधी विचारता का? — बघा, लागले सगळे खाली बघायला! मग ऐका.

डहाणूकडे किनाऱ्याला दिगूभाऊ चुरी म्हणून एक गृहस्थ. बोहाड्यात आदिवासी लाकडी मुखवटे चढवून देवांची सोंगं नाचवतात ना, त्या मुखवट्यांचं याला वेड. मिळेल तो आणायचा, घासूनपुसून भिंतीवर लावायचा. बायको म्हणायची, "घरात माणसं दोन आणि तोंडं भिंतभर!"

पण जीव अडकला होता पाड्यावरच्या सोनजी भोयेच्या वेताळाच्या मुखवट्यात. सोनजी देईना. म्हणे, "घरचा वेताळ कुणी देतं का?" आणि एके दिवशी तोच सोनजी वेताळ फडक्यात गुंडाळून दारात! वेताळाच्या कानाला वाळवी लागलेली.

"दिगूभाऊ, तुमच्याकडं औषध असतं. बोहाड्याआधी बरा करून द्या."

विश्वासानं दिला हो! दिगूभाऊनं वाळवी मारली. इथंच थांबला असता, तर मी आज सांगितलं काय असतं? पण हात शिवशिवले. वरचे रंगाचे पापुद्रे खरवडून काढले, तेल पाजलं. आतलं शिवणीचं लाकूड असं उजळलं की गडी स्वतःवरच खूश. वाटलं, सोनजी आता पाया पडेल.

सोनजी आला. वेताळ हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "यातला माझा बा कुठं गेला?"

"अरे, मूळ लाकूड दिसतंय आता."

"लाकूड रानात पण आहे. दर बोहाड्याला नाचणारा आपल्या हातानं एक रंग चढवतो. आजाच्या रंगावर बाचा, बाच्या रंगावर माझा. सगळे होते इथं."

दिगूभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. पापुद्रे? ते तर केरात गेले होते! सोनजी भांडला नाही. पाड्याची रीत अशी, की मुखवट्याला ज्याचं हत्यार लागलं, पहिला रंग त्यानंच द्यायचा. बसवलं दिगूभाऊला अंगणात. रंग ओघळतोय.

सोनजी म्हणाला, "आता यात पहिले तुम्ही. बा नाही."

बोहाड्यात वेताळ नाचला, लोकांनी हात जोडले. दिगूभाऊला मात्र मान वर करवेना. घरी येऊन भिंतीकडे पाहिलं — सगळे मुखवटे कसे चकचकीत! कुणाकुणाचे बाप आपण केरात टाकले, याचा पत्ता आता कुठं लागायचा? फार रडला माणूस.

आता आपल्याकडे या. उद्या मारुतीरायाचा जुना शेंदूर खरवडून आतली मूर्ती मोकळी करायची, असं मंडळानं ठरवलंय म्हणे. करा बापडे. फक्त तो शेंदूर ज्यांच्या हातचा, ते म्हातारे इथंच पुढं बसलेत. त्यांना विचारलंत?