घरपाहणीत नापास

…आणि वर मलाच विचारते, "काका, तुमच्या अंगणाला कुंपण आहे का?" अहो, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला अंगण कुठून असणार? आणि विचारणारी कोण, तर माझी सख्खी पुतणी! याच दारात चपला काढत मोठी झाली, घाबरलेल्या मांजराला पोत्यात कसे घ्यावे, जखमेतले किडे कसे काढावेत, हे सगळे माझ्या हाताखाली शिकली, आणि आज तोंडावर परकेपणा फासून विचारते, कुंपण आहे का! मी म्हटले, "बाई ग, पाणी तरी घेशील, का तेही नियमात बसत नाही?" तर म्हणते, "नाही बसत. अर्जदाराच्या घरचं काही घ्यायचं नाही." आता हा नियम कोणी केला? मी केला!

तुम्हाला सांगतो, माणसाने विहीर खणावी, देऊळ बांधावे, फार तर निवडणुकीला उभे राहावे. परंतु मुक्या प्राण्यांसाठी संस्था काढू नये. मी आणि माझ्या दिवंगत पत्नीने ती काढली, एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत. उद्देश सरळ होता. जखमी, टाकलेली जनावरे आणावीत, बरी करावीत आणि चांगल्या घरी द्यावीत. जनावरेही सरळच होती हो… माणसांचे काय करायचे? फोन यायचे, "हॅलो, तुम्ही कुत्री घेता ना? आमचं घेऊन जा. चावतं? छे छे, साधं भुंकतसुद्धा नाही, म्हणून तर नको!" एक सद्‌गृहस्थ फाटकाशी मांजरीच्या पिलांचे खोके ठेवून पळत सुटले. मी मागे धावलो, म्हटले, "अहो, निदान नाव तरी सांगा!" तर मागे न बघता ओरडतात काय, "गुप्तदान समजा!"

आणि एक शेठ आले. काय गोड बोलणे! "मुलांना लळा लागेल हो." आम्ही आमचा सर्वांत गरीब स्वभावाचा कुत्रा हौसेने दिला. पुढे तो सापडला त्यांच्या गोदामात, पहाऱ्याला, तारेने बांधलेला, आणि तार कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते कळेना. पत्नी दिवसभर जखमेभोवतीचे केस कातरत बसली. मग मी घरपाहणीचे नियम केले. घरपाहणी न कळवता करावी. अर्जदाराचे वय सत्तरीच्या आत असावे. कुंपण असावे. अर्जदाराच्या पश्चात प्राण्याचे जो करील, त्याने समक्ष होकार द्यावा. स्वयंपाकघरात जाऊन पाहावे, कारण ज्या घरात माणसेच धड जेवत नाहीत तिथे जनावराच्या वाटीत काय पडणार? आणि शेवटी, मोठ्या दिमाखात, स्वतः ठळक अक्षरांत लिहिले, 'ओळखीच्या माणसास सवलत नाही.' कोणी लिहिले? मीच लिहिले!

मग तुम्ही विचाराल, या वयात अर्ज कशाला केला? आजीबाईसाठी केला. आजीबाई म्हणजे आमच्याकडची म्हातारी कुत्री. एक डोळा गेलेला, मागचे पाय धरलेले. लोक येतात, पिलांना उचलतात, फोटो काढतात, तिच्या पिंजऱ्यापुढे "अरेरे" म्हणतात आणि पुढे जातात. अरेरे! अरेरेने कोणाची हाडे ऊब धरतात का? आमचे डॉक्टर म्हणाले, "हिला ही फरशी सोसायची नाही. थंडीच्या आत घर मिळालं तर मिळालं." आणि ती माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपते हो. दुसऱ्या कोणाच्या नाही. मी वर्तमानपत्र वाचत असलो तर पान उलटायची चोरी!

म्हणून केला अर्ज. पुतणी आली, अर्थातच न कळवता. कुंपण नाही. वय विचारले. मी म्हटले, "तुला ठाऊक आहे." "तुम्ही सांगायचं असतं, काका." सांगितले. मग म्हणते, "तुमच्या पश्चात कोण?" मी परदेशातल्या चिरंजीवांना फोन लावला. ते हसले. "बाबा, कुत्र्याचं कोण करणार ते सोडा, आधी तुमचं कोण करणार ते ठरवू या ना!" मी फोन ठेवला. सिग्नल गेला असे सांगितले. पुतणीने मान खाली घातली, म्हणजे सगळे ऐकू गेले होते.

आणि मग ती स्वयंपाकघरात गेली! मी आडवा उभा राहिलो. म्हटले, "तिथे काय पाहायचे आहे?" "नियम आहे, काका." फ्रीज उघडला. आत काय, तर औषधाची बाटली, अर्धे लिंबू आणि दूध. ती उघड्या फ्रीजपुढे नुसती उभीच. शेवटी मीच म्हटले, "दार लाव, वीज जळते." तर विचारते, "काल काय जेवलात?" मी म्हटले, "चहा." "आणि परवा?" आता एकट्या माणसासाठी कोण रोज कुकर लावते हो? तुम्ही लावाल?

संस्थेची बैठक झाली. सभासदच अर्जदार असेल तर त्याने बाहेर बसावे, हाही माझाच नियम, तेव्हा मी बाहेर, जनावरांच्या वजनकाट्याशेजारी. आजीबाई पायाशी झोपलेली. दार उघडले आणि पुतणी म्हणाली, "काका, नाही हो जमत." मी म्हटले, "माझ्यासाठी अपवाद केला असतात तर मीच हरकत घेतली असती!" ताठ मानेने म्हटले.

मग एक जोडपे आले. तरुण, हसरे, मला शोधूनही खोड सापडेना! अंगण, कुंपण, नवऱ्याचे काम घरूनच, बायकोची बहीण शेजारीच, फ्रीज तर असा भरलेला की बंद करताना खांदा लावावा लागे. प्राणी सोपवण्याच्या कागदावर अध्यक्षाची सही लागते. अध्यक्ष कोण? मी! केली सही. वळणदार केली. गाडी निघाली. आजीबाईने माझ्याकडे वळून पाहिले नाही… अहो, पाहणार कशी? मी उभा होतो तिच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला.

वाटले, संपले प्रकरण. कसले संपते! पुतणीने त्याच बैठकीत दुसरा ठराव करून घेतला होता: पाहणीत एक वृद्ध, एकटा, अन्नाची आबाळ झालेला आढळला, त्याची नियमित विचारपूस व्हावी. म्हणजे कुत्री नाकारली ती नाकारली, वर मला दाखल करून घेतले! आता दर मंगळवारी संस्थेची गाडी येते. बरोबर डबा. स्वयंसेविका माझे डोळे पाहतात, मनगट धरतात आणि लाडक्या आवाजात विचारतात, "आज सगळं खाल्लं ना? शहाणे ते!" मी विरोध केला. म्हटले, मी या संस्थेचा संस्थापक आहे! तर म्हणाल्या, "हो हो. आधी दोन घास खाऊन घ्या."

खाल्ले. काय करता? आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर कुठे बोलू नका… मंगळवारी खाली गाडी थांबल्याचा आवाज आला ना, की मी आधीच दाराशी जाऊन बसलेला असतो.