प्रत्येकी एकच थप्पड

मोठ्या बाई : कानाचा पडदा फाटलाय त्याचा, सर! शर्ट रक्ताने माखलेला. आणि तेव्हा तुम्ही वर्गात काय करत होतात?

सर : निरीक्षण.

मोठ्या बाई : कसलं डोंबलाचं निरीक्षण?

सर : मुलं स्वतः निर्णय घेत होती. अशा वेळी शिक्षकाने लुडबुड करू नये, असं शिबिरात तुम्हीच सांगितलंत. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मोठ्या बाई : अहो, भिंतीवर चित्रं कुठली लावायची, सहल कुठे न्यायची, त्याबद्दल बोलत होते मी!

सर : शिस्त तुम्ही वगळली नव्हतीत. मुलांनी न्यायालय मागितलं, मी दिलं. चष्मिस दोषी ठरला, हात वर करून, रीतसर. शिक्षा ठरली, प्रत्येकी एकच थप्पड.

मोठ्या बाई : अख्ख्या वर्गाने?

सर : समान सहभाग. मागच्या बाकावरची ती लाजाळू पोर, वर्षभर फळ्याकडे फिरकली नव्हती, तीसुद्धा आली हो पुढे. मला भरून आलं.

मोठ्या बाई : असा काय गुन्हा केला होता त्याने?

सर : भिंतीवरचा तक्ता फाडला.

मोठ्या बाई : कुठला तक्ता?

सर : ‘आमच्या वर्गात कुणी कुणाला मारत नाही.’

मोठ्या बाई : आणि तुम्हाला एकदाही ‘पुरे’ म्हणावंसं वाटलं नाही?

सर : माझे हात खिशात होते, बाई.

मोठ्या बाई : आणि तोंड? तेही खिशातच?

सर : मागल्या वर्षी माझ्या फूटपट्टीने एका पोराची बोटं सुजली. तुम्ही म्हणालात, पुन्हा हात उचललात तर नोकरी गेली. नाही उचलला. आता पोरांनी उचलले, तर तेही माझ्याच माथी?

मोठ्या बाई : मग कुणाच्या माथी? त्याची आई दवाखान्यातून फोन करतेय. विचारतेय, कुणी मारलं? काय सांगू मी तिला?

सर : सगळ्यांनी. म्हणजे तसं पाहिलं तर कुणीच नाही.

मोठ्या बाई : जिभेला काही हाड? बरं, आत्ता वर्गावर कोण आहे?

सर : न्यायालय. दुसरा खटला चाललाय. पहिलवानाचा. त्याच्याच थपडेने कान फाटला ना. हात जरा जड आहे त्याचा.

मोठ्या बाई : आणि तुम्ही इथे बसलात?

सर : तुम्हीच बोलावलंत.

(वरच्या मजल्यावर बाक फरफटल्याचा आवाज. मग एक किंकाळी.)

मोठ्या बाई : उठा! आधी उठा!

मुलगी : सर, आत येऊ? मी न्यायाधीश आहे आज.

मोठ्या बाई : काय चाललंय गं वर? तो बाक कशाला ओढला?

मुलगी : पहिलवान उंच आहे, मोठ्या बाई. छोट्यांचे हात पोचत नव्हते.

मोठ्या बाई : अगं, मारताय त्याला?

मुलगी : पहिल्या दोन रांगांचं झालं. मग त्याच्या नाकातून रक्त आलं नि ओठ फाटला. आता तिसरी रांग नुसती रडतेय, कुणी पुढेच येईना. म्हणून असं ठरलंय, की उरलेल्या थपडा सरांनी माराव्यात.

सर : मी?

मुलगी : मोठ्या माणसांना थांबायचं कळतं ना, सर. आम्हाला नाही कळत. चला लवकर, तो गाल पुढे करून उभा आहे. हलतसुद्धा नाही.

मोठ्या बाई : सर, तिच्याकडे बघा. माझ्याकडे काय बघताय?

सर : हे बघ बाळ, मी मारणार नाही. आणि तुम्हीही नाही. निकाल रद्द. कुणीच कुणाला मारायचं नाही, कळलं?

मुलगी : असं सांगता येतं तुम्हाला?

सर : येतं. शिक्षक आहे मी.

मुलगी : मग चष्मिसच्या वेळी का नाही सांगितलंत?